बॅटरसी नॉर्थ: मुंबईच्या माणसाला दोनदा पार्लमेंटात पाठवणारा मतदारसंघ

परळकर

नमस्कार मंडळी,

मुंबईत जन्मलेले आणि ब्रिटनचे खासदार झालेले शापुरजी सकलातवाला यांच्याबद्दल गेले काही महिने मिळेल ते वाचतोय. सुरुवात त्यांच्यापासून झाली, पण गुंतलो मात्र त्यांना निवडून देणाऱ्या वस्तीत. लंडनचा 'बॅटरसी नॉर्थ' हा मतदारसंघ १९१८ साली तयार झाला आणि १९८३ साली मोडला. त्याच्याबद्दल मराठीत सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

आधी ठिकाण सांगतो. थेम्सच्या दक्षिण काठाला बॅटरसी. पैकी नदीलगतचा भाग म्हणजे नॉर्थ. नाइन एल्म्सचं रेल्वेचं मालधक्क्याचं आवार, गॅसचा कारखाना, प्राइस यांचा मेणबत्त्यांचा कारखाना, धातू वितळवायच्या मुशी बनवणारा मॉर्गनचा कारखाना, आणि यांच्या मधल्या सांदीत कामगारांची घरं. वरून रेल्वेचे पूल इकडून तिकडे गेलेले. आमच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा नकाशा लगेच कळतो. भोंगा, धूर, पाळी सुटल्यावर रस्त्यावर एकदम उसळणारी गर्दी.

पण ही वस्ती नुसती गरीब नव्हती, संघटित होती. मतदारसंघ दुभागण्याआधी बॅटरसीचा एकच खासदार असे आणि १८९२ पासून १९१८ पर्यंत तो जॉन बर्न्स होता. गोदी कामगारांच्या १८८९ च्या संपाचा पुढारी. पुढे तो मंत्री झाला आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड युद्धात उतरलं तेव्हा त्याने मंत्रिपद सोडलं. बॅटरसीच्या नगरपालिकेने ठेकेदार बाजूला सारून स्वतः मजूर नेमले आणि १९०३ मध्ये लॅचमियर नावाची कामगारांची वसाहत बांधली. भाड्याच्या घरात विजेचे दिवे, स्वयंपाकघरात चूल, पाणी तापवायचं भांडं आणि अंघोळीचा टब. १९०३ साली कामगाराच्या घरात हे मिळणं साधी गोष्ट नव्हती.

मग १९१३. नगरपालिकेने जॉन आर्चर यांना महापौर निवडलं. वडील बार्बाडोसचे, जन्म लिव्हरपूलचा, धंदा फोटोग्राफीचा. लंडनमधले पहिले कृष्णवर्णीय महापौर. मतं पडली ४० विरुद्ध ३९. हे आर्चर लक्षात ठेवा, पुढे त्यांचं मोठं काम आहे.

१९१८ च्या कायद्याने २१ वर्षांवरच्या जवळपास सगळ्या पुरुषांना मत मिळालं, आणि घरादाराच्या अटीत बसणाऱ्या ३० वर्षांवरच्या बायकांनाही. त्याच वर्षी बॅटरसीचे नॉर्थ आणि साउथ असे दोन भाग झाले. बायकांना पहिल्यांदाच मत देता आलं त्या डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत नॉर्थमधून मजूर पक्षाने उभं केलं शार्लट डेस्पार्ड यांना. वय ७४. मताधिकारासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या, युद्धाला उघड विरोध केलेल्या. सख्खा भाऊ मात्र ब्रिटिश सैन्याचा फील्ड मार्शल, जॉन फ्रेंच. त्या नाइन एल्म्सच्या गरीब वस्तीत कितीतरी वर्षं राहून काम करत होत्या. युद्ध जिंकल्याच्या जोशात त्यांचा टिकाव लागला नाही, लिबरल पक्षाचे रिचर्ड मॉरिस मोठ्या फरकाने निवडून आले. पण पहिल्याच खेपेला अशी उमेदवार द्यायची हिंमत या वस्तीत होती.

आणि १९२२ ला उमेदवार आले शापुरजी.

जन्म मुंबईचा, २८ मार्च १८७४. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांच्या लसीच्या कामात त्यांनी मदत केली. टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी लोखंड आणि कोळसा शोधत रानोमाळ हिंडले. १९०५ मध्ये इंग्लंडला गेले, १९०७ मध्ये सॅली मार्श या कामगार घरातल्या मुलीशी लग्न केलं. १९०९ ला समाजवादी चळवळीत, १९२१ ला कम्युनिस्ट पक्षात. नोकरी तेव्हाही टाटांचीच होती.

आकडे मुद्दाम देतो, कारण ते आकडेच गोष्ट सांगतात.

१९२२: सकलातवाला ११,३११, हॉग्बिन ९,२९०.
१९२३: हॉग्बिन १२,५२७, सकलातवाला १२,३४१. म्हणजे १८६ मतांनी हार.
१९२४: सकलातवाला १५,०९६, हॉग्बिन १४,५५४. म्हणजे ५४२ मतांनी पुन्हा जीत.
१९२९: मजूर पक्षाचे सँडर्स विजयी. सकलातवाला ६,५५४ मतांसह तिसरे.

१९२२ ला ते कम्युनिस्ट असूनही मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार होते, तेव्हा ते चालत असे. १९२४ ला मजूर पक्षाने तो रस्ता बंद करायला घेतला, म्हणून ते उघड कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले. बॅटरसीच्या मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध माणूस दिला नाही, उलट त्यांच्यासाठी दारोदार हिंडला. मतदानाला चार दिवस असताना 'झिनोव्हिएव्ह पत्र', म्हणजे ब्रिटिश कम्युनिस्टांना चिथावणारं, रशियन पुढाऱ्याच्या नावाचं पत्र, छापून आलं, आणि रशियाच्या नावाने देशभर भीतीचं वारं सुटलं. ते पत्र बनावट होतं असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. मजूर पक्षाचं सरकार त्या निवडणुकीत गेलं. त्याच वाऱ्यात बॅटरसी नॉर्थने, नावापुढे कम्युनिस्ट लिहिलेला मुंबईचा पारशी माणूस आधीच्यापेक्षा पावणेतीन हजार जास्त मतं देऊन निवडून दिला. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

श्रेय आपण नेहमी शापुरजींना देतो. मला वाटतं त्यातलं निम्मं त्या वस्तीला द्यायला हवं. जाणकारांनी भर घालावी.

---

वाचनवेडी

फार छान लिहिलंय परळकर. शाळेत आम्ही दादाभाई नौरोजींपर्यंत पोचायचो आणि धडा संपायचा. एक शंका: हॉग्बिन हे नाव तीनदा आलं. एकच माणूस का? आणि कुठल्या पक्षाचा?

---

परळकर

एकच माणूस, ताई. १९२२ ला माजी पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या गटाचा नॅशनल लिबरल, १९२३ ला नुसता लिबरल आणि १९२४ ला 'कॉन्स्टिट्यूशनॅलिस्ट', म्हणजे समाजवाद्यांविरुद्ध लिबरल आणि हुजूर मतं एकत्र बांधायला काढलेलं लेबल. तिन्ही वेळा समोर शापुरजीच. १९२२ ला व्ही. सी. आल्बू हे आणखी एक लिबरल उभे होते, त्यांना १,७५६ मतं. ती हॉग्बिनकडे वळली असती तरी शापुरजी थोडक्यात निघालेच असते. बेरीज करून बघा.

---

केदार_न

धागा आवडला, पण शेवटच्या मुद्द्याशी असहमत. मतदार पक्षाला मत देतात. १९२२ आणि १९२४ ला मजूर पक्षाची यंत्रणा पाठीशी होती म्हणून जिंकले. १९२९ ला ती गेली, तर १५ हजारांवरून साडेसहा हजारांवर आले. मग वस्तीचं शापुरजींवर एवढं काय प्रेम होतं?

---

परळकर

केदार, प्रश्न रास्त आहे आणि मी यावर बराच विचार केलाय.

यंत्रणा होतीच. पण ती वरून कोणी पाठवलेली नव्हती. ती बॅटरसीची स्वतःची होती आणि तिच्या मध्यभागी होते जॉन आर्चर. शापुरजींचे निवडणूक एजंट तेच. मतदारांच्या याद्या, सभा, हस्तपत्रकं, मतदानाच्या दिवशी कोण आलं आणि कोण राहिलं याची नोंद, ही सगळी जबाबदारी त्यांची. बार्बाडोसच्या खलाशाचा मुलगा मुंबईच्या पारशासाठी लंडनच्या गोऱ्या कामगारांची मतं गोळा करतोय, १९२२ साली. हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

दुसरं, मजूर पक्षाच्या मुख्यालयाने कम्युनिस्टांना उमेदवारी नाही, मग सदस्यत्वही नाही, असे ठराव केले तेव्हा बॅटरसीच्या शाखेने ते अमलात आणायला नकार दिला. शेवटी १९२६ मध्ये मुख्यालयाने ती शाखाच बाहेर काढली आणि तिथे नवी उभी केली. आपल्या माणसासाठी एक अख्खी शाखा पक्षाबाहेर गेली. याला फक्त यंत्रणा कसं म्हणायचं?

आणि ६,५५४ हा आकडा मी उलटा वाचतो. समोर मजूर पक्षाचा अधिकृत उमेदवार होता, तरी साडेसहा हजार लोकांनी त्यांनाच मत दिलं.

---

सुमती

परळकर, आर्चर १९२९ ला कुठे होते ते तुम्ही लिहिलं नाहीत.

---

परळकर

मुद्दाम टाळलं, सुमतीताई. लिहायला जड जातं. आर्चर मजूर पक्षातच राहिले आणि १९२९ ला ते सँडर्स यांचे एजंट होते. ज्या याद्या त्यांनी शापुरजींसाठी लावल्या होत्या, त्याच गल्ल्यांत ते शापुरजींच्या विरोधात हिंडले. १९३२ मध्ये आर्चर गेले.

मी त्यांना दोष देणार नाही. दोघांनाही आपापला पक्ष सोडवत नव्हता आणि त्या दोन पक्षांनी एकमेकांकडे पाठ फिरवली होती. कम्युनिस्टांनी तर तोवर मॉस्कोच्या सांगण्यावरून मजूर पक्षालाच मुख्य शत्रू ठरवलं होतं. म्हणजे दोन्हीकडून दोर कापले गेले.

---

राघव

एक मूलभूत प्रश्न. तेव्हा भारत गुलाम होता. मग भारतात जन्मलेला माणूस ब्रिटनच्या पार्लमेंटात उभा कसा राहू शकत होता? वेगळी परवानगी लागायची का?

---

केदार_न

मी सांगतो. साम्राज्यात जन्मलेला प्रत्येकजण कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता. तो ब्रिटनमध्ये राहत असेल आणि बाकीच्या अटींत बसत असेल, तर मतही देऊ शकत होता आणि उभाही राहू शकत होता. हाच माणूस मुंबईला परतला की मात्र तो हक्क संपला, कारण इथे १९१९ च्या सुधारणांनंतरही मताधिकार मालमत्ता आणि करावर बेतलेला होता. इथल्या गिरणी कामगाराला मत नव्हतं, आणि बॅटरसीतल्या कामगाराच्या मताने निवडून आलेला मुंबईकर त्याच्याबद्दल पार्लमेंटात प्रश्न विचारत होता. परळकरांशी वाद घालता घालता मलाच हे आत्ता नीट उमगलं.

---

थेम्सकाठ

मी बॅटरसीत राहते, नऊ वर्षं झाली, आणि अजून भारतीय पासपोर्टच आहे. राघवच्या प्रश्नाचं उत्तर आजही जिवंत आहे: राष्ट्रकुल देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असतील तर संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. जुलै २०२४ ला मी दिलं. टेबलावरच्या बाईंनी यादीत माझं नाव शोधलं, पट्टी लावून त्यावर रेघ मारली आणि हातात लांब कागद दिला. आडोशाला दोऱ्याने बांधलेली आखूड पेन्सिल. नावापुढे फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायचा. ना शाई, ना यंत्र. ओळखपत्र म्हणून अशोकस्तंभाचा पासपोर्टच दाखवला.

हा धागा वाचून काल संध्याकाळी लॅचमियर वसाहतीत मुद्दाम चक्कर मारली. घरापासून बारा मिनिटांवर आहे आणि मी कधी पाट्या वाचल्या नव्हत्या! रिफॉर्म स्ट्रीट. फ्रीडम स्ट्रीट. जॉन बर्न्सच्या नावाचा बर्न्स रोड. आणि एक जूबेअर स्ट्रीट. हे नाव कोणाचं म्हणून शोधलं, तर दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बोअर सेनापतीचं. बोअर युद्ध १९०२ ला संपलं, वसाहत १९०३ ची. आपल्या देशाशी नुकताच लढलेल्या सेनापतीचं नाव नगरपालिकेने आपल्या गल्लीला दिलं, इतका त्या लोकांचा युद्धाला विरोध होता.

विटांची दुमजली घरं, एका दारातून तळमजला, शेजारच्या दारातून वरचा. एका खिडकीत जेरेनियमच्या कुंड्या, एका दाराशी पोराची तीनचाकी. वसाहत अजून राहती आहे याचा फार आनंद झाला. नदीकडे मात्र ओळखू येऊ नये इतकं बदललंय. नाइन एल्म्सला काचेचे मनोरे, जुन्या वीजकेंद्रात दुकानं.

---

वाचनवेडी

थेम्सकाठताई, पाट्यांचं वाचून अंगावर काटा आला. ते वीजकेंद्र शापुरजींच्या वेळी होतं का?

---

थेम्सकाठ

काम १९२९ ला सुरू झालं आणि १९३३ ला वीज निघाली. म्हणजे त्यांची हार झाली त्याच वर्षी पाया पडला. १९३१ च्या निवडणुकीत ते नॉर्थमधून पुन्हा उभे राहिले, तेव्हा चिमण्या चढत असणार. त्या खेपेला मिळाली ३,०२१ मतं, आणि जागा गेली हुजूर पक्षाच्या मार्सडेनकडे.

---

गिरणगाव_७२

परळकरांनी १९२६ सोडलं, ते मी लिहितो.

१ मे १९२६, हाइड पार्कात सभा. कोळसा खाणींतला तंटा टोकाला गेला होता. शापुरजींनी भाषणात सैनिकांना सांगितलं की कामगारांवर गोळी झाडू नका. ४ मेला, सार्वत्रिक संपाच्या पहिल्याच दिवशी, त्यांना पकडलं. चांगल्या वर्तणुकीची हमी द्या आणि घरी जा, असं न्यायालय म्हणालं. त्यांनी हमी नाकारली. दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात. त्या संपात ते खासदार असतानाच तुरुंगात गेले. आदल्या वर्षी अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला होता, संसद सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ब्रिटिश शिष्टमंडळातून जायचे असताना.

१९२७ च्या जानेवारीत ते मुंबईला आले. गावोगावी सभा, मानपत्रं. गांधीजींशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला. खादी आणि चरख्याऐवजी कामगार-शेतकऱ्यांच्या संघटना बांधा, असा शापुरजींचा आग्रह होता. गांधीजींनी 'यंग इंडिया'त उत्तर दिलं. मतभेद पुरे, पण माणसाच्या तळमळीबद्दल आदर. परत गेल्यावर सरकारने त्यांना पुन्हा भारतात यायला बंदी केली. जन्मगावी त्यांना नंतर कधीच पाय ठेवता आला नाही.

माझे आजोबा परळच्या गिरणीत जॉबर होते. त्यांच्या तोंडी मी 'सकलातवाला' हे नाव ऐकलंय, पण लहानपणी मला ते एखाद्या दुकानाचं नाव वाटायचं. विचारायला हवं होतं.

---

सुमती

त्या १९२७ सालातली आणखी एक गोष्ट. त्यांनी आपल्या मुलांचा नवजोतीचा, म्हणजे पारशी धर्मदीक्षेचा, विधी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये केला आणि कम्युनिस्ट पक्षाने त्यांची जाहीर कानउघाडणी केली, धर्म कसला पाळता म्हणून. तरी ते पक्षातच राहिले. एकीकडे टाटांचं घराणं, एकीकडे पक्ष, मध्ये सॅलीबाई आणि पाच मुलं. टाटांची नोकरी १९२५ ला सुटली होती. मला त्या घराचा हिशोब कोण कसा बघत असेल याचाच विचार येतो.

---

राघव

भारतीय वंशाचे पहिले ब्रिटिश खासदार दादाभाईच ना? फिन्सबरी सेंट्रल, १८९२. पाच मतांनी जिंकले. मग १८९५ ला हुजूर पक्षाचे भावनगरी, बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून. आणि मग सकलातवाला. तिघेही मुंबईचे पारशी, पक्ष तिघांचे तीन.

---

परळकर

अगदी बरोबर, राघव. आणि तिन्ही मतदारसंघ आज नाहीत. फिन्सबरी सेंट्रल १९१८ ला गेला, बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्ट १९५० ला, बॅटरसी नॉर्थ १९८३ ला.

मात्र दादाभाईंच्याही आधी एक नाव येतं: डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रे, सरधन्याच्या बेगम समरूचा वारस, मिश्र वंशाचा. १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आला. मतदारांना पैसे वाटल्याचं सिद्ध झालं आणि १८४२ मध्ये निवड रद्द. लाचखोरी इतकी मुरलेली होती की १८४४ मध्ये पार्लमेंटने सडबरीचा प्रतिनिधी पाठवायचा हक्कच काढून घेतला. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, कोणीतरी जरूर काढा.

---

केदार_न

बॅटरसी नॉर्थचं १९३१ नंतर काय झालं? धागा मतदारसंघाचा आहे म्हणून विचारतो.

---

परळकर

१९३५ ला सँडर्स परत आले आणि तेव्हापासून जागा शेवटपर्यंत मजूर पक्षाकडेच राहिली. १९४० च्या पोटनिवडणुकीत फ्रान्सिस डग्लस आले, ते १९४६ मध्ये माल्टाचे गव्हर्नर होऊन गेले. मग डग्लस जे. ते १९४६ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षं, मधे व्यापारमंत्रीही होते. पण तोवर गोदामं, कारखाने, रेल्वेची आवारं एकेक करून बंद पडत गेली, माणसं पांगली. बॅटरसीची स्वतंत्र नगरपालिका १९६५ मध्येच वॉन्ड्सवर्थमध्ये विरघळली होती. १९८३ च्या फेररचनेत नॉर्थचं नाव गेलं आणि पुन्हा एकसंध 'बॅटरसी' हा मतदारसंघ झाला. थेम्सकाठताईंनी मत दिलं तो हाच.

---

गिरणगाव_७२

शापुरजी १६ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये गेले. अस्थी ब्रुकवुडच्या पारशी दफनभूमीत आहेत. मामा जमशेटजी तिथेच, मामेभाऊ दोराबजी तिथेच. ज्यांच्याशी आयुष्यभर वाकडं राहिलं त्यांच्याच शेजारी.

---

थेम्सकाठ

शनिवारी ब्रुकवुडला जायचं ठरवलंय, फोटो टाकेन. आत्ता गाडीचा मार्ग पाहिला. वॉटर्लूहून सुटते आणि पहिली दहा मिनिटं नाइन एल्म्स आणि बॅटरसीच्या घरांवरूनच जाते. डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावं की उजव्या, परळकर? लॅचमियर कुठल्या हाताला येईल?

---

परळकर

नकाशा उघडून बघितला. उजव्या हाताला, ताई. नदी त्याच बाजूला आहे.